स्पेस दे, पण एंटर नको!

डिसेंबरातला शनिवार. दाट तिथी. म्हणजे चांदणी चौक ओलांडून पौड रोडला लागल्यावर भूगावपर्यंत काय हाल होतात, ते या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. २०२२ च्या ऑक्टोबरात चौकातला जुना पूल पाडला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा फ्लायओव्हर सुरू झाला, पण वरातीपुढे कुठला फ्लायओव्हर चालतो हो? अशाच एका लॉन्सवर मी मावसभावाच्या लग्नाला. अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता, हातात अक्षता आणि खिशात घूं-घूं करणारा मोबाइल. सहा मिस्ड कॉल, सगळे एकाच माणसाचे. आमचा ज्युनियर.

"दादा, साइट गेली."

वेब डेव्हलपरच्या आयुष्यात 'आमचं ठरलं' नंतर सगळ्यात जास्त घाम फोडणारे दोन शब्द म्हणजे हे. साइट होती एका ताईंची. घरगुती फराळ, मसाले, मेतकूट वगैरे परदेशी पाठवणाऱ्या. नाताळच्या सुट्टीआधी पार्सल पोचवायचं तर ऑर्डर घ्यायचा त्यांचा तो शेवटचा दिवस. लॅपटॉप घरी, घर दोन किलोमीटरवर आणि मधे तीन वराती. म्हणजे एकच मार्ग उरला. मी बोलणार, पोरगं टाइप करणार. फोनवरून कमांड सांगायची!

मंडळी, हे एकदा करून बघा. टर्मिनलवर बोटं सवयीनं पळतात, तेव्हा आपण नक्की काय लिहितोय ते आपल्यालाच कळत नसतं. बोलून सांगायची वेळ आली की प्रत्येक मायनस, प्रत्येक स्पेस तोंडातून काढावी लागते. त्यात मागे बँड.

"डीएफ, स्पेस दे, मायनस एच."

"मारलं. शंभर टक्के दाखवतंय, दादा."

डिस्क फुल्ल! साइट का गेली ते इथेच कळलं. डिस्कवर एक अक्षरही लिहायला जागा नसली की डेटाबेस रुसतो, सेशन तयार होत नाही आणि गिऱ्हाइकाला पांढऱ्या पानावर ५०० नंबरची एरर दिसते. आता पुढचा प्रश्न, जागा खाल्ली कुणी? डीएफ सांगतो डबा किती भरला, डीयू सांगतो कुणी भरला. म्हणून मग

डीयू मायनस एसएच स्टार, पाइप, सॉर्ट मायनस एच

यातला शेवटचा एच महत्त्वाचा. तो नसेल तर सॉर्टला ९०० केबी हे २ जीबीपेक्षा मोठं वाटतं, कारण तो फक्त आकडा बघतो. एच दिला की केबी, एमबी, जीबी त्याला कळतात आणि सगळ्यात खादाड फोल्डर यादीच्या तळाशी येऊन बसतं. आमच्याकडे तळाशी बसलं होतं 'लॉग्ज'. ३८ जीबी!

(डीएफ जागा शिल्लक दाखवतोय आणि तरी 'जागा नाही' अशी एरर येतेय, असं झालं तर डीएफ मायनस आय मारा. लाखो चिमुकल्या सेशन फाइल्स झाल्या की जागा असते, पण फाइल नोंदवायची वही संपलेली असते. मी एकदा यात अख्खी दुपार घालवली आहे.)

"दादा, लॉग्ज उडवतो. आरएम मायनस आरएफ लिहिलंय. मारू?"

"थांब! वाचून दाखव. एकेक अक्षर."

"आर एम, स्पेस, मायनस आर एफ, स्पेस, लॉग्ज, स्लॅश, स्पेस, स्टार."

स्लॅशनंतर स्पेस.

एवढीशी फट. पण ती असेल तर कमांडचा अर्थ होतो, लॉग्जचं फोल्डर उडव आणि शिवाय इथे जे जे काही आहे ते सगळं उडव. 'इथे' म्हणजे ताईंच्या साइटचं अख्खं घर. प्रॉडक्टचे फोटो, ऑर्डरच्या पावत्या, कोड. आणि चूक त्या पोराची नव्हतीच. "स्पेस दे, स्पेस दे" असा जप मीच लावला होता.

"हात की-बोर्डवरून काढ. एंटरला हात लावू नकोस!"

हे मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या खुर्चीतले आजोबा दचकले. पांढरी टोपी, कान मोडलेले, म्हणजे जुने पैलवान. भूगावात डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला होता, अभिजित कटकेनं किरण भगतला हरवून गदा नेली, ती कुस्ती त्यांनी पुढच्या रांगेत बसून पाहिलेली. (हे त्यांनी जेवताना तीनदा सांगितलं.) "काय झालं, पावणं?" मी म्हटलं, "काही नाही वस्ताद, पोरगं चुकीचा डाव टाकत होतं."

"मग आधी नुसता हात धरून बघायचा. जोर मागनं लावायचा."

वस्तादांना लिनक्स येत नाही, पण आरएमचं याहून चांगलं मॅन्युअल मी वाचलेलं नाही. आरएमच्या जागी आधी एलएस लिहायचं. बाकी सगळं तेच. काय काय यादीत येतंय ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच एलएसचं आरएम करायचं. किंवा पुढे नुसतं इको लावायचं, म्हणजे स्टारचं काय काय होणार आहे ते छापून येतं, घडत काही नाही. फाइंडचंही तेच. 'मायनस डिलीट' हा पर्याय कायम सगळ्यात शेवटी. कुणी तो फाइलच्या नावाआधी लिहिला तर फाइंड नाव तपासायच्या आधीच उडवायला लागतो. हा विनोद नाही, तो खरंच डावीकडून उजवीकडे वाचतो.

बरं, स्पेस काढली, यादी बघितली, आता उडवू का? तरीही नाही! कारण लॉगची फाइल सर्व्हरनं उघडून धरलेली असते. लिनक्समध्ये आरएम म्हणजे दारावरची पाटी काढणं. आत माणूस बसलेला असेल तर खोली रिकामी होत नाही. फाइल गेली, डिस्क मात्र शंभरच्या शंभर टक्के, आणि आता ती फाइल दिसतही नाही. (अशी पाटी नसलेली बिऱ्हाडं शोधायला एलएसओएफ प्लस कॅपिटल एल वन.) म्हणून फाइल न उडवता आतनं रिकामी करायची.

ट्रंकेट मायनस एस झिरो, स्पेस, फाइलचं नाव

"दादा, ४१ टक्के! साइट आली!"

शेवटचं मंगलाष्टक सुरू होतं. अक्षता टाकल्या. ३८ जीबीचा लॉग झाला कसा, हे तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकतो. आठवड्यापूर्वी एक बग शोधताना डीबग मोड चालू केला होता आणि बंद करायचा राहिला होता. कुणी? ज्याच्या हातात अक्षता होत्या त्यानं.

मोठ्यांच्या घरीही

आपण लहान माणसं म्हणून असं होतं, असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब, म्हणजे जगभरचे डेव्हलपर जिथे आपला कोड ठेवतात त्यातली एक मोठी कंपनी. रात्री उशिरा एक इंजिनियर दुय्यम डेटाबेसचं फोल्डर साफ करत होता. कमांड बरोबर होती, सर्व्हर चुकला होता. मुख्य डेटाबेसवरच आरएम चाललं. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, पण तोवर ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर एकामागून एक व्यवस्था बंद किंवा रिकाम्या निघाल्या. सहा तासांपूर्वी योगायोगानं घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून वाचले, आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्यांचं एक मानायला हवं, काही लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. आपल्याकडे अशा वेळी आधी मीटिंग लागते.

यावरचा माझा उपाय अगदी स्वस्त आहे. प्रॉडक्शन सर्व्हरचा प्रॉम्प्ट लालभडक करा. डॉट बॅशआरसी या फाइलमध्ये पीएस-वन नावाचा व्हेरिएबल असतो, त्यात रंगाचा कोड घालायचा की झालं. टेस्टिंगचा हिरवा, प्रॉडक्शनचा लाल. रात्री दोन वाजता नाव वाचायचे त्राण नसतात, रंग मात्र दिसतो.

पंगत बसली

जेवताना पुन्हा फोन. "दादा, लॉग पुन्हा फुगतोय." डीबग बंद केल्यावरही? म्हणजे कुणीतरी साइटला सारखं ठोकत होतं. श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवून सांगितलेली ही कमांड:

ऑक, सिंगल कोट, महिरपी कंस, प्रिंट डॉलर वन, महिरपी कंस बंद, सिंगल कोट, ॲक्सेस डॉट लॉग, पाइप, सॉर्ट, पाइप, युनिक मायनस सी, पाइप, सॉर्ट मायनस आरएन, पाइप, हेड

एका श्वासात वाचली तर पाणिनीचं सूत्र वाटेल. पण समोर पंगत होती म्हणून पोराला चटकन समजावता आलं. पाइप म्हणजे वाढप्यांची रांग. भाताचं पातेलं एकाकडून दुसऱ्याकडे, प्रत्येकाचं काम एकच. ऑक प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलतो, म्हणजे आलेल्या पाहुण्याचा आयपी पत्ता. युनिक मायनस सी एकाच नावाची माणसं मोजतो, पण एक गोम आहे. त्याला फक्त शेजारचा पाटच दिसतो. मोहोळ, मग शेडगे, मग पुन्हा मोहोळ बसले तर तो मोहोळांची दोन घरं मोजणार! म्हणून त्याच्याआधी सॉर्ट. एका घरातले सगळे शेजारी शेजारी बसवायचे, मग मोजायचे. नंतरचा सॉर्ट मायनस आरएन सगळ्यात मोठं कुटुंब वर आणतो आणि हेड पहिली दहा दाखवून गप्प बसतो.

एकच पत्ता, हजारो वेळा. कुठला तरी बॉट लॉगिनचा पासवर्ड ओळखायचा खेळ खेळत होता. ब्लॉक केला, श्रीखंड संपवलं. (तुमची साइट क्लाउडफ्लेअरसारख्या कुणाच्या मागे असेल तर मात्र हा पहिला शब्द त्यांचाच पत्ता असू शकतो. तो ब्लॉक केलात तर सगळं गाव बाहेर. जपून.)

या पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांची, आणि १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये बसवली केन थॉम्प्सन यांनी. ग्रेपही त्यांचाच. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येतंय.

भूगावची लांबी किती?

पुणे-५७ वाल्यांना विचाराल तर "फार लांब!" पण मी स्ट्रिंगची लांबी विचारतोय. टर्मिनलवर हे करून बघा: इको, स्पेस, भूगाव, पाइप, डब्ल्यूसी मायनस सी. उत्तर येतं १६. आता मायनस सीच्या जागी मायनस एम. उत्तर ६. दोन्हीतून एक-एक वजा करा, कारण इको शेवटी नवी ओळ आपणहून घालतो. म्हणजे १५ आणि ५. आणि पाटीवर वाचताना भू-गा-व, तीन!

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. १५ हे बाइट्स. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ५ ही युनिकोडची चिन्हं: भ, ऊकार, ग, काना, व. जावास्क्रिप्टमध्ये डॉट लेंथ विचारलंत तर हे ५ मिळतात. पीएचपीच्या स्ट्रलेनला विचाराल तर १५, एमबी-स्ट्रलेनला ५ आणि ग्राफीम-स्ट्रलेनला माणसासारखं ३. इंग्रजीत लिहिलेलं भूगाव सात अक्षरांचं, सात बाइटचं, कुणालाही विचारा. म्हणून इंग्रजी साइटवर तपासलेला फॉर्म मराठीत रडतो. 'नाव १५ बाइटपर्यंत' असा कॉलम असेल तर भूगाव जेमतेम मावतं, भूगावकर बाहेर.

याचा खरा त्रास होतो तो बातमीचं शीर्षक छोटं करताना. 'कुस्ती' हा शब्द चार चिन्हांवर कापा. उरतं 'कुस्', पायमोडक्या स सकट. मराठी ॲपमधल्या नोटिफिकेशनमध्ये अशी लंगडी अक्षरं तुम्ही शंभरदा पाहिली असतील. त्यावर इलाज आहे. इंटल डॉट सेगमेंटर नावाची सोय जावास्क्रिप्टमध्येच आहे, ती अक्षर न मोडता तुकडे करते. २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउजरमध्ये चालते. मग अजून लंगडी अक्षरं का? कारण टेस्टिंग करणारा इंग्रजीत 'टेस्ट टेस्ट' टाइप करून मोकळा होतो. आपण सगळेच. मीही.

आणि मराठीच्या जागी 'डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला ए, मग काटेरी गोल, मध्येच जपानी येनची खूण' असला कचरा दिसला तर घाबरू नका, डेटा गेलेला नाही. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी तोच असतो, आणि जुन्या लॅटिन तक्त्यात त्याचं चित्र तो तिरका ए. दुसरा बाइट गोल किंवा येन. म्हणजे मजकूर यूटीएफ-८ च आहे, वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसलाय. सर्व्हरनं कोणता चष्मा सांगितलाय ते बघायला कर्ल मायनस कॅपिटल आय आणि पुढे साइटचा पत्ता. हेडर्स येतात, त्यात कंटेंट-टाइपच्या ओळीत कॅरसेट दिसतो. पुण्यातच सीडॅकनं भारतीय लिपींसाठी इस्कीवर काम केलं, श्रीलिपी इथल्याच मॉड्युलर इन्फोटेकची, त्या काळात एका फॉन्टमधलं मराठी दुसऱ्यात उघडलं की भलतंच दिसायचं. त्या मानानं आपण सुखी. आणि हे यूटीएफ-८ कुणाचं? १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, टेबलावरच्या कागदी मॅटवर केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्या सोबतीनं मांडलं. पुन्हा तेच केन!

साडेपाचचा घोळ

ज्यांचे सर्व्हर परदेशात किंवा क्लाउडवर आहेत, त्यांनी एकदा नुसतं 'डेट' टाइप करा. यूटीसी दिसलं तर तुमचा 'रात्री बाराचा' क्रॉन जॉब सकाळी साडेपाचला चालतोय आणि मध्यरात्रीनंतरच्या ऑर्डर कालच्या तारखेत जातायत. आपल्या रात्री बाराला क्रॉनमध्ये लिहायचं मिनिट ३०, तास १८. आपली वेळ बघायची असेल तर टीझेड इज इक्वल टू एशिया स्लॅश कोलकाता, स्पेस, डेट. ताईंच्या हिशेबात रोज तीन-चार ऑर्डरची तफावत का येते ते मला यावरून समजलं. तोवर दोन महिने त्या स्वतःच्या वहीला दोष देत होत्या.

बाकीचे डाव झटपट. कंट्रोल आर दाबून जुन्या कमांडचे दोन-तीन अक्षर टाका, ती परत येते. अप-ॲरो चाळीस वेळा दाबणाऱ्यांना बघून मला अजून वाईट वाटतं. सीडी मायनस म्हणजे आत्ता जिथून आलो तिथे परत. सुडो विसरलात तर पुन्हा सगळं लिहू नका, सुडो आणि दोन उद्गारचिन्हं. गिटमध्ये हार्ड रिसेट मारून दिवसभराचे कमिट गेले असं वाटलं तर रडायच्या आधी गिट रिफ्लॉग. हरवलेल्या कमिटचा माग त्यात साधारण महिनाभर तरी असतो. कमिटच केलं नव्हतं तर मात्र रडा. आणि बग नक्की कधी आला ते शोधायला गिट बायसेक्ट. हजार कमिट असले तरी दहा प्रश्नांत सापडतो, कारण प्रत्येक उत्तराला अर्धे बाद होतात.

"हे सगळं आता एआयला विचारलं की येतं की!" येतं ना. मीही विचारतो. कमांड दोन सेकंदांत मिळते. पण तुमच्या 'इथे' मध्ये फोटो आहेत की पावत्या, हे त्याला दिसतंच असं नाही. स्लॅशनंतरची स्पेस तुम्हालाच बघायची आहे.

निघताना वस्तादांनी थांबवलं. नातवानं तालमीची वेबसाइट केलीय म्हणे, पण लोकांनी लिहिलेल्या शुभेच्छा अर्ध्याच दिसतात. तिथेच मोबाइलवर पाहिलं. प्रत्येक संदेश बरोबर त्या जोडलेल्या हातांच्या इमोजीपाशी तुटलेला. जुनाच आजार! मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसतं 'यूटीएफ-८' म्हणत, त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मावत. देवनागरी बसतं, इमोजीला चार लागतात. जुन्या सेटिंगमध्ये तो इमोजी आणि त्यापुढचं सगळं मुकाट कापलं जातं. पूर्ण चार बाइटवालं आहे त्याचं नाव यूटीएफएटएमबीफोर. २०१० मध्ये आलं, २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून तेच डीफॉल्ट आहे, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. नातवाला फोनवर घेतलं. पुन्हा तेच, बोलून सांगायचं:

आल्टर टेबल, टेबलचं नाव, कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफएटएमबीफोर

"आणि कनेक्शनचा कॅरसेटही बदल. कापले गेलेत ते संदेश परत येणार नाहीत, पुढचे येतील. त्याआधी बॅकअप आहे का?"

"आहे, काका."

"उघडून बघितलायस?"

पलीकडे शांतता. वस्ताद माझ्याकडे बघून हसले. "त्याला म्हणावं, आधी हात धर."